पळसाचा भास्कर

धार, ८ फेब्रुवारी १९५५

ती. स्व. दादास,
सुभद्राचे शि. सा. न. वि. वि.

वहिनीचे तिळाचे लाडू पोचले. मामंजी ते खलबत्त्यात कुटून खातात. हे तिला सांगू नकोस.

आता खरे लिहिते. लढाईवर गेलेल्या ह्यांची खबर बंद होऊन या फाल्गुनात बारा वर्षे होतील. बेपत्ता असल्याचा सरकारी कागद आला, त्यापुढे काही नाही. माईंनी अंथरूण धरले आहे. त्यांच्या स्वप्नात हे दारात उभे राहून पाणी मागतात आणि माईंना भांडे सापडत नाही. म्हणतात, भास्करला गती नाही, तहानलेला फिरतो आहे. माझे डोळे मिटायच्या आत त्याचे करा. शास्त्रीबुवांनी सांगितले आहे की बारा वर्षे वाट पाहून झाली की पळसाच्या पानांचा देह करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा.

तसे केले की माझे कुंकू गेले. मामंजी म्हणाले, तुझ्या मनाविरुद्ध करणार नाही, आणि उठून अंगणात गेले. दादा, माझे मन म्हणते, हे आहेत. पण रोज माईंचे पाय मीच चेपते, नाही कसे म्हणू? तू शिकलेला आहेस, काही तोड काढ.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी सुभद्रा


देवास, १७ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. सुभद्रा हिस,
श्रीपादचे अनेक आशीर्वाद.

लाडवांचे वहिनीला कळले. पत्र तिनेच आधी फोडले. आता मऊ वड्या धाडणार आहे.

मेल्यावर मागे काही उरत नाही, असे मी शाळेत मुलांना सांगतो. तेच माईंना लिहायला बसलो. पण तुमचा मुलगा तहानलेला नाही, तो कुठेच नाही, असे त्या अंथरुणावरच्या आईला लिहवेना.

हाटपिपल्याच्या एका वृद्ध शास्त्र्यांना गाठले. वाटले, ते तरी मना करतील. ते म्हणाले, करा. माणूस परत आला तर त्यालाही विधी आहे. नुकते जन्मल्यासारखे न्हाऊ घालायचे. बारसे, मुंज सगळे पुन्हा, आणि लग्न त्याच बायकोशी. मला आधी हसू आले, मग वाटेभर भास्कररावांना आठवत राहिलो. इकडच्या बाजारात भावाला म्हणतात तसे ते मला 'भिया' म्हणून चिडवायचे. त्यांच्या बारशाच्या घुगऱ्या मी डोक्यावरून आणीन.

तोड सापडली नाही, सुभद्रा. इकडे ये म्हटले तर माईंना सोडून येणार नाहीस.

आशीर्वादाखेरीज हातात काही नाही, तेवढा घे.
श्रीपाद


धार, २० मार्च १९५५

ती. स्व. दादास,
सा. न.

झाले. सध्या पळसाला नुसती फुले. पानांसाठी गडी दूर रानात हिंडला. मामंजींनी अंगणात देठ मांडले आणि ह्यांची उंची विचारायला आत आले. मी दाराच्या चौकटीवर हात लावून दाखवली. माप मीच दिले.

तुझे बारशाचे बोलणे मी माईंना सांगितले होते. ते ऐकून त्या कितीतरी दिवसांनी हसल्या. त्या हसण्यापायी मी हो म्हटले. गेला तर पाणी मिळेल, असला तर येईल. त्यांचा मुलगा दोन्हीकडून सुटला.

दहाव्याला माझे कपाळ पुसले, गळा मोकळा झाला. संध्याकाळी माईंना पाणी द्यायला गेले, तर माझ्याकडे पाहून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. मी बाहेर आल्यावर त्यांनी शास्त्रीबुवांना विचारलेले ऐकले, बारशाला नाव भास्करच ठेवता येईल ना?

तेव्हापासून माझ्या हातचे पाणी घेत नाहीत. मामंजींनी पाजले तर पितात. यात सोवळ्याओवळ्याचे काही नाही. मी दिसले नाही तर त्यांच्या लेखी तो येणार असतो. माझे पुसलेले कपाळ समोर आले की तो जातो.

पुढच्या पत्राच्या मायन्यात काय लिहावे म्हणून अडून बसू नकोस. नुसते सुभद्रा लिही. वहिनीच्या वड्या माईंनी खाल्ल्या, मामंजींच्या हातून.

मी आता पाण्याचे भांडे उंबऱ्याशी ठेवते आणि आडोशाला उभी राहते.

आठवण ठेव, लोभ कमी करू नकोस.
सुभद्रा