गोलकीपरच्या आईचा आवाज

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा आवाजाचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या रागाने लिहीत आहे. राग आला म्हणजे बुद्धी फिरली असे होत नाही. डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले आहे.

१. इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांवरच्या आणि खेळाडूंवरच्या माहितीपटांना मराठी आवाज देणे हा आमचा घरचा धंदा. यजमान होते तोवर सगळ्या प्रशिक्षकांचे आवाज तेच देत. ओरडायची सवय त्यांना घरीच होती. खेळाडूंच्या आया माझ्याकडे. ऑफसाइड मला अजून कळत नाही, पण पोरगा हरून आला की आई दाराशी काय बोलते ते कळते. माझे दागिने आणि बँकेत असेल ते मुलीला द्यावे. ती फोनवर मला बोलू तरी देते.

२. मुलाविषयी. खालच्या वर्गात घसरलेल्या एका क्लबाचा माहितीपट आला होता. त्यात गोलकीपरची आई सांगते, "लोक त्याला शिव्या घालत होते. मी रेडिओ बंद केला, आणि त्याचे मोजे वाळत घातले." 'आणि'नंतर मी थांबले, कारण ती बाई थांबली होती. रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या काचेपलीकडून मुलगा म्हणाला, "आई, तुझा आवाज दमलाय गं. आता आराम कर." पुढे टीव्हीवर तीच आई सूनबाईच्या आवाजात बोलली, गाडी चुकणार असल्यासारखी. शेवटच्या नावांच्या पाट्यांवर मुलाचे नाव तीनदा. माझे नाव त्याने जुन्या माहितीपटांतूनही काढून टाकले. हे मी विसरलेले नाही आणि माफही केलेले नाही.

३. तरीही रेकॉर्डिंगची खोली मुलालाच देते. माझ्या नावाने बोटे मोडायला लोकांना निमित्त नको. मात्र तिथे माझा फोटो लावू नये. नाव पुसणाऱ्याने फोटोला नमस्कार करण्याची नाटके करू नयेत.

~~४. सूनबाईला काही नाही. माझे वाक्य घेतले, तेच तिला पुरे.~~

५. ज्या वस्तूला किंवा जागेला घेणारा उरणार नाही, ती शेजारच्या पत्रे ठोकणाऱ्या भाऊंना मिळावी. त्यांच्या ठोकण्यापायी यजमान त्यांच्याशी जन्मभर भांडले. माझे त्यांच्याशी काही वाकडे नाही, आणि त्यांना जागा अपुरी पडते.

सहीपूर्वीची नोंद: मसुदा वाचून झाल्यावर वकील म्हणाले, "एक लक्षात ठेवा. ज्याला काही मिळतंय, त्याच्या नवऱ्याने किंवा बायकोने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला ते मिळत नाही." सूनबाई चहा घेऊन आली होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि पेन मागितले.

"अगं, खोली पत्रेवाल्या भाऊंकडे जाईल," मी म्हटले.

"कळलं मला," ती म्हणाली. "माझं तरी नाव कुठं घातलंय त्यांनी? आणि मीही थांबले होते, आई. त्यांनी ते कापलं."

चौथे कलम मी माझ्या हाताने खोडले आहे. माझा मायक्रोफोन सूनबाईला आजच दिला. जिवंतपणी दिलेल्याला मृत्युपत्र लागत नाही.

मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार पहिले: घरचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरी: सून, मुलाची पत्नी (सही)
स्थळ: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: ९ ऑक्टोबर, मुलगा बाहेरगावी असताना