चौथी पायरी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं काय ते खालच्या ओळींत आहे. तुझी पाठ कशी आहे? परिषदांमधल्या खुर्च्या फार मऊ असतात, त्यानेच जाते. घरी लाकडी खुर्चीवर बसत जा.

तुझा 'राज्यसंस्थेचे पुनःस्तरीकरण' हा ग्रंथ पोचला. सव्वाचारशे पानं तळटीपांसकट वाचली. (तुझ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना हे सांगता येईल?) मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकले तेव्हा राज्यसंस्था एका जागी बसलेली असायची, तिला शिव्या द्यायच्या तर पत्ता ठाऊक होता. आता तू म्हणतोस, तिची सत्ता थोडी वर देशांच्या संघाकडे सरकली, थोडी खाली शहराकडे आणि गल्लीकडे उतरली, आणि कुठला प्रश्न कुठल्या पातळीचा हे कोण ठरवतो, तेच आता खरं राजकारण. पटलं. मला तर प्रात्यक्षिकासह पटलं.

माझ्या वाचनालयाचा जिना तुला आठवत असेल. (नसेल तर डाव्या गुडघ्यावरची खूण बघ.) त्याची खालून चौथी पायरी सात महिन्यांपूर्वी फुटली. आपले थोरले दादा रोज दहाला काठी टेकत वर्तमानपत्र वाचायला यायचे. त्या दिवशी काठी भगदाडात गेली. कठडा हाताला लागला म्हणून वाचले. तेव्हापासून ते घरी बसून जुनी वर्तमानपत्रं मला मोठ्याने वाचून दाखवतात आणि माझ्या भाजी चिरण्याला धोरण नाही म्हणतात. हे मी सात महिने ऐकते आहे.

मी ग्रंथपाल या नात्याने दुसऱ्याच दिवशी नगर कार्यालयात तक्रार द्यायला गेले. तिथे नवा फॉर्म. पहिलाच रकाना: 'समस्या कोणत्या पायरीवरची आहे?' मला भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरकारने मुद्द्याचं विचारलं होतं! मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'चौथी'. खिडकीवरच्या बाई उठून उभ्या राहिल्या. "चौथी? नक्की ना, मॅडम?" म्हटलं, दोनदा मोजलीय. त्यांनी मला पाणी विचारलं. (त्या कार्यालयात पाणी कोणी विचारत नाही.) फॉर्मच्या मागे बारीक अक्षरांत खुलासा होता तो मी घरी येऊन वाचला: पहिली पायरी गल्ली, दुसरी शहर, तिसरी देश, चौथी देशांचा संघ. तोवर माझा अर्ज आपल्या राजधानीच्या डोक्यावरून पार निघून गेला होता.

चार महिन्यांनी संघाचं उत्तर आलं. अकरा देशांतल्या पायऱ्यांच्या उंचीचा तक्ता सोबत, आणि एक प्रश्न: सदर पायरी कोणकोणत्या देशांना जोडते? मी कळवलं, ती तिसऱ्या पायरीला पाचवीशी जोडते. त्यावर अजून विचार चालू आहे. शहरातले साहेब म्हणाले, "आता आमच्या हातात काही नाही, तुमचं प्रकरण फार मोठं झालं." गल्ली समितीचे अध्यक्ष (आपला इस्त्रीवाला) फार सज्जन. म्हणाले, "ताई, आमच्याकडे फक्त पहिली पायरी येते. ती फुटली की सांगा, त्याच दिवशी करून देतो." हातोडी घरात आहे. मी विचार केला, खोटं कशाला सांगू, पहिली खरीच फोडून सांगते. (अजून फोडलेली नाही.)

शेवटी खिडकीवरच्या बाईंना विचारलं, हा 'पायरी' शब्द कुणाच्या सुपीक डोक्यातून आला? त्यांनी परिपत्रक काढून दाखवलं. 'स्तर' हा शब्द जनतेला जड जातो, म्हणून सल्लागार प्राध्यापकांनी 'पायरी' हा सोपा शब्द सुचवला आहे. खाली तुझी सही. तीच, शेपटीवाली, जी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तू बाबांच्या नावाने करायचास.

मी रागावलेली नाही. तब्येतीला जप.

तुझी,
ताई

ता. क. गुरुवारी संघाचं पथक येतंय. तोवर पायरी 'आहे त्या स्थितीत' ठेवायचा हुकूम आहे. तू बुधवारी ये, आणि चौथी पायरी म्हणजे दगडाची चौथी पायरी, असं तज्ज्ञ म्हणून लेखी दे. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच.

पुन्हा ता. क. पाकीट बंद करणार तोच दादा म्हणाले, "राहू दे, वर्तमानपत्रावाचून काही अडत नाही." हे दादा म्हणाले. मी उठले, शेजारच्या गवंड्याकडून घमेलंभर सिमेंट आणलं आणि पायरी स्वतः भरली. वीस मिनिटं लागली. सुकेपर्यंत थांबा म्हणून बजावलं होतं. दहाला बघते तर दादा वर, एका चपलेला सिमेंट, तोंडासमोर अग्रलेख. पायरीवर त्यांचं अख्खं पाऊल उमटलंय, शेजारी काठीचं भोक. थापी हातात होती, पण मी ते पुसलं नाही. गुरुवारी पथकाने पाऊल कोणाचं विचारलं, तर सल्लागार प्राध्यापकांचं म्हणून सांगणार आहे. तुम्हा दोघांच्या चपलेचा नंबर एकच आहे.