माझ्यानंतर धाकटीला उभे करू नये

मी, खाली सही करणारी, वय तेहतीस, विधानसभेची विद्यमान सदस्य, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. परवा माझ्या मेंदूची शस्त्रक्रिया आहे. नंतर "तिचं डोकंच ठिकाणावर नव्हतं" असे कोणी म्हणू नये, म्हणून आजच.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतील शिल्लक धाकट्या बहिणीला. अट कोणतीही नाही. निवडणूक लढवल्यास फ्लॅट मिळणार नाही, अशी अट वकीलबाईंनी सुचवली होती. ती मी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली आणि पुन्हा खोडली. अटी घालून माणसे हलवणे मी आमच्या घरातच शिकले. तिच्यावर ते करणार नाही.

२. कार्यालयाच्या कपाटातील लोकांचे अर्ज माझ्या जागी निवडून येईल त्याला द्यावेत, तो विरोधी पक्षाचा असला तरी. पुलापलीकडच्या शाळेचा अर्ज सर्वांत वर आहे. छप्पर गळते आहे.

३. बाबांचा मोठा फोटो आईकडे राहावा. प्रचाराच्या जीपवर पुन्हा चढवू नये. बाबा आमदार असतानाच गेले आणि आठवड्याच्या आत मला त्या फोटोशेजारी उभे केले. छायाचित्रकार म्हणाला, "ताई, रडू आलं तर आवरू नका, छान येईल." मला रडू आले नाही. तरी निवडून आले. त्या छायाचित्रकाराला माझ्याकडून काहीही देऊ नये.

४. विधानसभेतील जागा माझ्या मालकीची नाही, म्हणून ती मी कोणाला देत नाही. माझ्यामागे पोटनिवडणूक लागेल. धाकटी जनावरांची डॉक्टर आहे, दवाखान्याचा आत्ता कुठे जम बसतो आहे. सहानुभूतीच्या मतांसाठी तिला उभे करू नये.

हे कलम काकांनी वाचले. मला उभे करणारे तेच, म्हणून साक्षीला मुद्दाम त्यांनाच बोलावले होते. त्यांनी पेन खाली ठेवले.

"अगं, आधी बरी तर हो. असलं अभद्र कशाला लिहितेस?"

"बरी झाले की फाडून टाकीन. तुम्ही सही करा, काका."

"घरची जागा बाहेर गेली तर तुझ्या बाबांना काय वाटेल?"

"मला उभं करताना बाबांना विचारलं होतंत?"

ते फोन कानाला लावून बाहेर गेले. दार नीट लागले नव्हते. "धाकटीचा एखादा चांगला फोटो पाठव," एवढे मला ऐकू आले.

५. म्हणून हे कलम वाढवत आहे. माझी अंत्ययात्रा निघण्यापूर्वी वकीलबाईंनी कलम चार पत्रकारांसमोर मोठ्याने वाचावे. आत्ताच धाकटीशी फोनवर बोलले. ती म्हणाली, "ताई, काकांना तोंडावर नाही म्हणायला मला जमत नाही गं. तूच म्हण ना." पुढे कधी तिला स्वतःहून वाटले तर तिने खुशाल लढावे. या वेळी तिच्या सांगण्यावरून मी म्हणत आहे: नाही.

ठिकाण: रुग्णालय, दुसरा मजला
दिनांक: ११ मार्च
सही: (केली आहे)

साक्षीदार:
१. वॉर्डच्या मुख्य परिचारिका (सही)
२. भूल देणारे डॉक्टर (सही)
३. काका (सही नाही, जागा कोरी ठेवली आहे)