सदानंद गेला अन् गल्लीत चूल पेटली न्हाई

कुंभार पिंपळगाव,
सोमवार

तीर्थस्वरूप भागवतदादास,

धाकट्या सोमेश्वरचा डोकं टेकवून नमस्कार. (टेकवताना जरा जपूनच टेकवलं, कारण सध्या गावात डोक्याशिवाय दुसरा विषय न्हाई.) तुझी, वहिनींची अन् लेकरांची तब्येत बराबर असंल अशी आशा. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटंल. पण फोन वाजला की माय खाट सोडून माझ्या शेजारी येऊन बसते अन् तुझं बोलणं संपेपर्यंत हलत न्हाई. शेजारच्या शहाजादी चाचीचा इजहार उद्या पुण्याला येऊन राह्यलाय, त्याच्या हाती हे देतोय.

संध्याकाळच्या मालिकेतला सदानंद गेला, हे तुला कळलंच असंल. बातमीत त्याचं खरं नाव सांगितलं तेव्हा गल्लीत कुणाला काहीच वाटलं न्हाई, फोटो दाखवला अन् एकदम कालवा झाला. शूटिंगला बाहेरगावी गेल्ता, हाटेलच्या न्हाणीत पाय घसरला, डोकं मागून फरशीवर आपटलं. काही न्हाई झालं म्हणाला, चहा पिला, झोपला, तो उठलाच न्हाई. दादा, वाईट मलाही लई वाटलं. पण मला प्रश्नच जास्त पडले (माझा स्वभाव तुला माहीत हाय). रक्त न्हाई, जखम न्हाई, चहा पिण्याइतका धडधाकट माणूस, मंग आत नेमकं झालं काय? टपरीवर पुंजारामनं नारळ कानाशी हलवून समजावलं, आतलं पाणी कसं हिंदकळतं ते. तेव्हापासून तो स्वतः मान हलवत न्हाई, कुणी हाक मारली तर अख्खा वळतो. कचरूमामा हेल्मेट घालून आपल्या गिरणीत दळण टाकायला आल्ते. गाडी त्यांनी कधीच विकलीय. अन् आमच्या हिनं, मीनानं, आपल्या ठेंगण्या चौकटीला पोतं गुंडाळून खिळे ठोकलेत, तीच चौकट जी दर दिवाळीला तुझं कपाळ फोडते.

खरी गंमत बातमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतर झाली. गिरणीत ज्वारीचा एकही डबा आला न्हाई. मी पट्टा उतरवून पाह्यला, मोटार तपासली, सगळं ठीक. मंग उलगडा झाला. ज्या घरी मयत होते त्या घरी चूल पेटत न्हाई, शेजारीपाजारी पिठलं-भाकर घेऊन जातात, ही आपली रीत. आता सदानंद गेला तो कुणाच्या घरचा? प्रत्येक बाईच्या मते तिच्याच घरचा! समोरच्या नंदाबाईनं चूल विझवली अन् आपल्या दाराकडं बघत बसली. मीना तिच्या दाराकडं बघत बसली. पलीकडं तीच गत. दिवे लागले तरी अख्ख्या गल्लीत धूर न्हाई, सगळ्या बाया ओट्यावर रडून राह्यल्या अन् शेजारणीच्या भाकरीची वाट बघून राह्यल्या, अन् गडीमाणसं उपाशी. (मी गुपचूप गुळाचा खडा तोंडात टाकला, तो मीनाला दिसला. तिनं गुळाचा डबाच कुलपात घातला.) शेवटी शहाजादी चाची खिचडीचं पातेलं घेऊन आली. तीही तितकीच रडली होती, पण म्हणाली, भूक मेरे कू बिलकुल सहन न्हई होती, तुम लोगां बैठो रोते.

सगळे जेवले, माय सोडून. ती खाटेवर ताठ बसून. आदल्या रात्रीही तशीच बसल्ती. आम्ही समजलो, दुःख झालंय. सदानंद तिचा लाडकाच होता, रोज ठरल्या वेळी घरी येणारं एवढं एकच पोरगं असं ती म्हणायची. पण मला चैन पडंना. रडणारा माणूस भिंतीला टेकतो, ही टेकत का न्हाई? मीनाकडून डोक्याला तेल लावून घेतल्याशिवाय जिचा दिवस जात न्हाई, ती तेलाला नको का म्हणते? तेवढ्यात चाचीनं समजूत घालायला तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् माय कळवळली. पदराखाली लिंबाएवढं टेंगूळ! आदल्या दिवशी न्हाणीत घसरली होती. उगं बोभाटा नको म्हणून कुणाला सांगितलं न्हाई. अन् मंग बातमी ऐकली की सदानंद झोपला अन् गेला. म्हणून बाई झोपतच नव्हती!

दादा, तिला तसंच जीपमध्ये घालून जालन्याला नेलं. डोक्याचे फोटो काढले. आत काही न्हाई, सूज उतरंल, खुशाल झोपू द्या, असं डॉक्टर म्हणाले. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो, लाज वाटत न्हाई सांगायला. मायनं मात्र डॉक्टरला विचारलं, सदानंदचा असा फोटो कुणी काढला न्हाई का?

तर असं सगळं क्षेम. काळजीचं काही कारण न्हाई. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
सोमेश्वर

ता. क. नंदाबाईनं विचारलंय, सदानंदच्या खऱ्या घरी पिठलं-भाकर कुणी नेली? पुण्यात कुणाला माहीत असंल तर कळव.

ता. क. दुसरा. वर काळजीचं कारण न्हाई लिहिलं, ते खोडत न्हाई, पण माय अजून झोपत न्हाई. डुलकी आली की दचकून उठते. मला कारण सांगेना, चाचीजवळ बोलली. म्हणाली, डोळा लागला अन् उघडला न्हाई, तर भागवत बघायचा राहून जाईल. दादा, एक मुक्काम कर. फोन करून येऊ नको, ती म्हणंल कशाला एवढा खर्चा.

ता. क. तिसरा. माय आत्ताच मागं येऊन उभी राह्यली. कुणाला लिहितो म्हणून विचारलं. मी म्हणालो, गिरणीच्या मीटरचा अर्ज हाय, लाईटवाल्या साहेबाला. ती म्हणाली, असं का, मंग साहेबाला लिही, पोतं ठोकलंय तरी दारातून वाकूनच ये, लहानपणापासून सांगते, ऐकत न्हाई.