सतरा दिवसांनंतरचा अभिप्राय

तोरुन, शनिवार, ९ नोव्हेंबर

आदरणीय लाखमान सर,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की १९६८ साली माझ्या आजोबांनी, प्रा. ओलेच यांनी, कायद्याच्या तत्त्वज्ञानावरच्या तुमच्या प्रबंधाला पाठिंबा दिला. ते चूक आहे. त्यांच्या टेबलाच्या खणात स्तुतीच्या अभिप्रायाची कार्बन प्रत सापडली आणि तोच विद्यापीठाकडे गेला असं मी धरून चालले. काल विद्यापीठाच्या दफ्तरखान्यात प्रत्यक्ष गेलेला अभिप्राय पाहिला. तो खणातल्या प्रतीच्या सतरा दिवसांनंतरचा आहे, सही त्यांचीच आहे आणि त्यात तुम्हाला शिकवायला अपात्र ठरवलंय. युक्तिवाद दोन्हींत सारखेच नेटके आहेत.

त्या वर्षी पोलंडमधून ज्यूंना घालवलं जात होतं; तुम्हालाही देश सोडावा लागला. आता माझ्या शब्दावर तुम्ही स्टॉकहोमहून आजोबांच्या स्मृतिसभेत बोलायला येताय.

आई म्हणाली, "म्हातारा आनंदाने येतोय, येऊ दे की!"

मी म्हणाले, "एकच कागद वाचून निकाल द्यायचा नाही, हे आजोबांनीच शिकवलंय."

"मग कर त्यांनाच आरोपी, त्यांच्याच सभेत!" आईने पिएरोगीची, म्हणजे आमच्याकडच्या उकडलेल्या करंज्यांची, कणीक ओट्यावर आपटली.

हे पत्र टाकलं तर तुम्ही निघाल्यावर पोचेल. म्हणून टाकत नाही. मंगळवारी, १२ नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजता, तुम्ही विमानतळाकडे निघण्याआधी, फोनवर हेच वाचून दाखवीन; मग यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आपली चुकलेली,
बोग्ना