पऱ्हाटीची हातभर भिंत

प्रिय गफूरचाचा,

परवा शाळेच्या जागेवर फक्की मारून पाया आखायचा आहे, आणि भिंती कशाच्या करायच्या ते माझं अजून ठरत नाही. मिस्त्री तुम्ही! आता विचारू कुणाला? म्हणून हे पत्र, तुम्ही जाऊन महिना झाला तरी.

आठवतं ना? मुलांनी रानात राहून शिकायचं, अशा घाटंजीजवळच्या त्या शिबिरशाळेच्या खोल्या मी कागदावर काढल्या होत्या. कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाटीचा कूड आणि वर शेणामातीचा गिलावा. सिमेंट नको, भाजलेली वीट नको. किती खुशीत होते मी!

तुम्ही नकाशा उलटासुलटा करून पाहिलात. "बाई, अशाच घरात मी जल्मलो. माय पावसाळाभर भिंती लिंपत राहे. या पोराइले पुन्हा त्यातच कायले बसवता?"

मी पर्यावरणावर भाषण ठोकलं. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि विचारलंत, "मंग तुमच्या यवतमाळच्या घरी काहून नाई बांधत?"

मला राग आला. खरं सांगू? तुमचं खरं होतं म्हणून आला. आमचं घर पक्कं, स्लॅबचं, बाबांनी नोकरीत असताना बांधलेलं. त्यानंतर मी तुमच्याशी धड बोललेच नाही. त्याची आता फार लाज वाटते.

काल चाची शाळेच्या जागेवर तुमची अवजारं न्यायला आल्या. पत्र्याच्या शेडमागे पाहते तर काय! हातभर लांबीची भिंत. खाली गुडघाभर दगडाचं जोतं, जे माझ्या नकाशात नव्हतंच. वर पऱ्हाटी, नीट लिंपलेली. मधे अवकाळी पाऊस होऊन गेला, तरी पोपडा सुटलेला नाही.

चाची म्हणाल्या, "त्याइनंच केली. माह्या चुलीची पराटी उचलून आणली. औंदा कापसाले कंटाळून साऱ्याइनं सोयाबीन पेरलं, पराटी भेटते कुठं?"

मी काय समजायचं, चाचा? तुम्हाला पटलं होतं? की हट्टच आहे तर निदान नीट बांधा, एवढंच म्हणायचं होतं? एक शब्द बोलून जायला काय झालं होतं हो? मीच अबोला धरला होता, हे कळतं मला. तरी विचारते.

परवा फक्की मारणार नाही. शाळेची समिती ओरडेल, ओरडू दे. आधी आमच्या अंगणात एक खोली बांधीन, गुडघाभर दगडावर, तुमच्या भिंतीसारखी. लिंपीनही मीच. एक अख्खा पावसाळा त्यात राहीन आणि मगच मुलांच्या भिंतींचं ठरवीन. तुम्ही उचललेल्या पऱ्हाटीच्या बदल्यात चाचींच्या चुलीला सरपण उद्याच पोचतं करते.

तुमची नकाशेवाली बाई,
संध्या