पिवळी गाडी आणि तानीचा फ्रॉक

९ जानेवारी १९८३, रविवार

गाडी आली! हळद लागल्यासारखी पिवळी, विलायती, माझ्या आईच्या पेटाऱ्याएवढी. डहाणूच्या एका चिकूवाडीत चार वर्षं कोंबड्या बसत होत्या तिच्यात. ह्यांनी इंजिन उघडून साफ केलं आणि बोईसरपर्यंत चालवत आणली. छप्पर नाही. दारं गुडघ्याएवढी. चार वर्षांची आमची तानी भोवती फिरून म्हणाली, "बाबा, उरलेली अर्धी कुठंय?"

मागची सीट म्हणजे फळी. धरायला काही नाही, बांधायला काही नाही. मी स्पष्ट सांगितलं — पोरी ह्यात बसणार नाहीत.

१० जानेवारी

ह्यांचा अबोला. भात मात्र दोनदा मागून घेतला.

१३ जानेवारी

आज तोंड उघडलं. "हंसा, आमी लहानपणी मनोरला ट्रकच्या टपावर बसून जायचो. काय नाय झालं!"

"ज्यांना झालं ते सांगायला कुठे आलेत?" मी म्हटलं.

हे कारखान्यात फिटर आहेत, यंत्राचं सगळं कळतं. मी दवाखान्यात नर्स आहे. मला टाक्यांचं कळतं. जमुना, सात वर्षांची, वकिलासारखी मधे पडली — "आई, करून बघू या ना!"

कुणावर करून बघायचं, बाई?

१६ जानेवारी, रविवार

भोपळ्यावर! पाच किलोचा, बाजारातून निवडून आणला. जमुनानं त्याला तानीचा लाल फ्रॉक घातला. ओहोटीला नवापूरच्या कडक वाळूवर गेलो. भोपळा मागच्या सीटवर, हे चालवायला, आम्ही तिघी लांब उभ्या. काटा वीस मैलांवर आला की ब्रेक दाबायचा, असं ठरलं.

दाबला. भोपळा ह्यांच्या डोक्यावरून, काचेवरून उडाला आणि पंधरा पावलांवर फुटला.

पलीकडे बोंबील वाळत घालणाऱ्या काशीबाईंनी फक्त लाल फ्रॉक उडताना पाहिला. "पोर पडलं गो! पोर पडलं!" — सगळा किनारा धावत आला. भोपळा दिसल्यावर त्यांनी ह्यांना ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही. मनातल्या मनात दोनदा म्हटल्या.

तानी फ्रॉकसाठी रडली. संध्याकाळी भाजी केली, पण वाळू कचकचत होती.

२६ जानेवारी

ह्यांचा सुट्टीचा दिवस गाडीखाली. लोखंडी पट्टी वेल्ड करून तिला जाड कॅनव्हासचे पट्टे लावलेत. सीटमागे पाइपाची कमान. वाळूची गोणी बांधून ब्रेक मारला — हलली नाही! मग स्वतः मागे बसले, मित्र महादूला चालवायला लावलं. खांद्याला वळ उठलेत. अभिमानानं दाखवत फिरताहेत.

"उलटली तर?" मी विचारलं.

"त्यासाठीच तर कमान हाय! आता ती उलटवून दाखवू का तुला?"

हसू आलं होतं. दाबलं.

३० जानेवारी, रविवार

आज पोरी पट्टे बांधून, अंगणात, बंद गाडीत दोन तास बसल्या. सुरतेला जाऊन आल्या म्हणे.

त्यांच्याकडे बघता बघता मला रडू फुटलं. हे घाबरले. मग सांगून टाकलं — चार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. हमरस्त्यावर उघड्या जीपमधून पडलेली मुलगी दवाखान्यात आणली होती. जमुनाच्या आताच्या वयाची. रस्ता सरळ, जीप हळू, नुसता एक खड्डा. तिचा हात माझ्या हातात होता, आणि मग नुसताच हात राहिला.

हे उठून आत गेले. मग किल्ली आणून माझ्या पर्समध्ये टाकली. "तू सांगशील तेव्हा. नाय सांगितलंस तर नाय."

४ फेब्रुवारी

पोरी शाळेत चालतच जातात. किल्ली पर्समध्ये वाजते.

१२ फेब्रुवारी

आज दुपारी घिवली गावाहून निरोप — माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या लाडकीला कळा सुरू झाल्या, बाळाचा पाय आधी दिसतोय. तिथे नुसत्या हातांनी जमणारं काम नव्हतं. दवाखान्याची जीप बाहेर, पुढच्या एसटीला दीड तास. मीच ह्यांच्या हातात किल्ली दिली.

लाडकीला घेऊन परत निघालो. अर्ध्या वाटेवर ती ओरडली, "शिस्टरबाय, थांबवा!" वडाखाली थांबलो. बाळ पायाळूच आलं, पण आलं! मुलगी. ठणठणीत रडली. माझ्या पदरात गुंडाळून छातीशी धरली, लाडकीला पट्टा बांधला. ह्यांनी काटा पाचच्या वर जाऊ दिला नाही. मागे एसटी येऊन हॉर्न बडवायला लागली. हे गाडी थांबवून उतरले, हात जोडून ड्रायव्हरपुढे उभे राहिले —

"दादा, जरा दमानं. गाडीत लहान मूल हाय."

"केवढं?"

"अकरा मिनिटांचं!"